घरून काम नको

नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला त्या सकाळी दौंडहून पुण्याला जाताना ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक, हे जगतील का. दुसरी, कंपनीत काय सांगायचं. दुसऱ्या गोष्टीची मला लाज वाटायला हवी होती, असं नंतर एका नातेवाईक बाईने मला ऐकवलं. मला वाटली नाही. दोघं कमावणाऱ्या घरात एक आडवा पडला की दुसऱ्याच्या नोकरीचा विचार कोणीतरी करायलाच लागतो, आणि त्या गाडीत शुद्धीवर असलेली मी एकटीच होते.

हे वाचले. पंधरवड्याने घरी आले ते उजवी बाजू गमावून. पाय थोडाफार साथ देत होता, धरून उभं केलं तर उभे राहायचे. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. उजवा हात मात्र खांद्यापासून खाली नुसता लोंबत होता. रेल्वेत सिग्नलच्या देखभालीचं काम करणारा हा माणूस. आयुष्यभर पाना आणि पक्कड धरलेला तो हात मी उचलून उशीवर ठेवायचे तेव्हा तो ओल्या कपड्यासारखा जड लागायचा.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पाय लवकर येतो, हाताला वेळ लागतो. पहिले काही महिने महत्त्वाचे. जे परत यायचं ते बहुतेक याच काळात येईल. व्यायाम दिवसातून एकदा करून भागणार नाही, सारखा करून घ्यावा लागेल." दौंडच्या फिजिओथेरपिस्टने व्यायाम दाखवले. टेबलावर टॉवेल पसरायचा, त्यावर यांचा हात ठेवायचा आणि पुढे सरकवायचा, मागे घ्यायचा. मुठीची बोटं एकेक करून उघडायची. हे तो रोज येऊन करून घेणार नव्हता. ते घरच्या माणसाचं काम होतं. घरचं माणूस म्हणजे मी. मुलगी लग्न होऊन नाशिकला, तिच्या मांडीवर तान्हं बाळ.

हाताला आणखी एक अर्थ होता. रेल्वेच्या डॉक्टरांनी जुन्या कामाला अनफिट ठरवलं तरी हलकं काम देतात. पण हलकं काम करायलाही रजिस्टर लिहिणारा, फोन उचलणारा एक हात लागतो. तो आला नाही तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर आम्ही राहत होतो ते क्वार्टरही गेलं. म्हणजे मग उरली माझी एकटीची नोकरी.

ती शिक्रापूरजवळ आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. मी प्लॅनिंगला. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या कोणत्या प्रेसवर आज कोणता पार्ट लावायचा, त्याला पत्रा आलाय का, गिऱ्हाइकाची गाडी कधी भरायची, हे ठरवणारं खातं. दौंडहून कंपनीची बस सुटते. चौफुला, पारगावचा भीमेवरचा पूल, न्हावरा. साखर कारखाने सुरू झाले की या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे बस तासंतास खुरडत जाते. मी त्या बसमध्ये इतकी वर्षं काढली आहेत की ड्रायव्हर माझ्याशिवाय गाडी सोडत नाही.

माझं काम घरून होण्यासारखं आहे. सगळं कॉम्प्युटरवर. करोनाच्या काळात आम्ही ते घरून केलंही होतं, आणि नंतर कंपनीने त्याची पॉलिसी काढली. ज्याला गरज असेल त्याने मॅनेजरची मंजुरी घ्यावी, घरून काम करावं. पॉलिसी चांगली होती. आमच्या खात्यात ती एकानेही घेतली नव्हती.

कारण सगळ्यांना माहीत होतं. पर्चेसमध्ये एक मुलगी होती, हुशार, कामाला वाघ. बाळंतपणानंतर तिने घरून काम घेतलं. काम चोख होतं. वर्षाच्या आत खात्याची फेररचना झाली आणि तिला जायला सांगितलं. तिच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तिची खुर्ची आधीच रिकामी होती, एवढंच. तिला काढताना कोणाला काही हलवावं लागलं नाही.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे कुजबुज सुरू झाली होती. कंपनीचा दुसरा प्लांट गुजरातमध्ये आहे. दोन्हीकडचं प्लॅनिंग एकत्र करायचं, इथे एकच माणूस ठेवायचा, बाकीच्यांना 'ॲडजस्ट' करायचं. ॲडजस्ट म्हणजे गुजरातला जा, नाहीतर घरी जा. आम्ही तिघं होतो. एक रिटायर व्हायला टेकलेले गृहस्थ, ते स्वतःच म्हणायचे की मला मोजू नका. एक तिशीतला इंजिनियर. आणि मी, साधी बीकॉम, पण त्या प्रेसवर काय चालतं आणि काय अडतं हे खात्यात सगळ्यांत जास्त दिवस पाहिलेली.

म्हणून पहिला महिना मी कंपनीत खरं सांगितलंच नाही. "मिस्टरांना बरं नाही," एवढंच. सकाळी यांचं सगळं उरकायचं, एकदा टॉवेलचा व्यायाम करून घ्यायचा आणि बस गाठायची. दिवसभर शेजारच्या चाची बसायच्या. चाचींचा मुलगा रेल्वेत, क्वार्टर आमच्या भिंतीला भिंत. गुडघे दुखत असूनही त्या रोज आपलं निवडण-टिपण घेऊन यायच्या.

"तू जा बेटी. मी हाय हितं. माझं बी कोण हाय घरात, टीव्ही बघत बसते ती."

"चाची, हात तेवढा हलवत राहा त्यांचा."

"हलवते. पन तो मला हात देत न्हाई गं. लाजतो."

खरं होतं. यांना चाचींकडून पाणीसुद्धा मागायला संकोच वाटायचा, मग बाकीचं तर दूरच. एका सकाळी चाची स्वयंपाकघरात असताना हे स्वतःच बाथरूमकडे निघाले आणि पडले. कपाळ फुटलं. चाचींना त्यांना उचलता येईना. त्यांनी मला फोन केला तेव्हा मी मॉर्निंग मीटिंगमध्ये होते. ही मीटिंग शॉप फ्लोअरवर बोर्डासमोर उभ्याने होते आणि मॅनेजर बोलत असताना फोन घ्यायचा नाही असा तिथला नियम आहे. मी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा चाची रडत होत्या आणि मागून यांचा आवाज येत होता, "सांगू नका तिला, सांगू नका."

टाके घालून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिले. तो माझ्याहून लहान आहे, माणूस सरळ आहे. मी सगळं सांगितलं. घरून काम मागितलं.

"घ्या ना मॅडम. आधीच सांगायचं. पॉलिसी कशासाठी आहे मग?" तो म्हणाला. मग लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "साधारण किती दिवस?"

"हात येईपर्यंत."

"बरं," तो म्हणाला. त्याला काय लिहावं ते कळलं नसणार.

घरी मी इस्त्रीचं टेबल यांच्या पलंगाजवळ ओढलं, त्यावर लॅपटॉप मांडला. पहिल्या दिवशी मी कंपनीच्या युनिफॉर्मचा शर्ट घातला, गळ्यात आयकार्ड अडकवलं. कॅमेऱ्यावर माझ्याकडे बघून कोणालाही वाटता कामा नये की ही बाई घरात आहे. हे पलंगावरून बघत होते. अर्ध्या तोंडाने हसले.

"गेट...पास... हाय का?"

"आहे. तुम्ही हात टॉवेलवर ठेवा."

मी कधी नव्हते तितकं काम केलं. मेल आला की लगेच उत्तर. बाथरूमला जाताना फोन बरोबर. आधी कंपनीत चहाला खाली जायचे, आता चहाही टेबलावरच. कोणी म्हणू नये की घरी आहे म्हणून उशीर झाला. यार्डात इंजिनाचा भोंगा वाजायला लागला की बोलता बोलता मी म्यूट व्हायचे. पण मधल्या प्रत्येक मोकळ्या वेळेत यांचा हात माझ्या हातात असायचा. फाइल डाउनलोड होतेय, तोवर बोटं उघड. कॉलवर दुसरा कोणी बोलतोय, तोवर टॉवेल पुढे, टॉवेल मागे. नवरात्राच्या आधी त्यांचा अंगठा हलला. मी एका कॉलवर होते आणि समोर गुजरातवाला माणूस पत्र्याच्या जाडीबद्दल काहीतरी सांगत होता. अंगठा हलला, थांबला, पुन्हा हलला. मी त्या माणसाला म्हणाले, "येस सर, नोटेड," आणि कॅमेरा बंद केला.

त्या दिवसांत मला वाटलं होतं की जमेल.

अडचण भेटायला येणाऱ्यांची झाली. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जायची रीत आहे, आणि ती न पाळणं हा अपमान समजतात. दवाखान्यात गर्दी नको म्हणून थांबलेले सगळे आता यायला लागले. बिस्किटांचे पुडे, शहाळी, कोणाच्या शेतातली पपई. बसणार, चहा घेणार, कुणाला असाच झटका आला होता आणि तो कसा गेला हे सविस्तर सांगणार. मी नोकरीवर जात होते तोवर हे लोक संध्याकाळी किंवा रविवारी यायचे. मी घरी असते हे कळल्यावर कधीही यायला लागले. बाई घरी आहे म्हणजे मोकळी आहे. लॅपटॉप उघडा असला तरी मोकळीच आहे.

मोठे दीर कासुर्डीला असतात, शेती आणि सोसायटीचं राजकारण बघतात. माणूस प्रेमळ, पण त्यांना माझं काम कधी दिसलंच नाही. मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, सकाळी येऊ नका, मीटिंग असते.

"आता घरीच हायस नव्हं तू?"

"घरी आहे दादा, पण कामावर आहे."

"घरी बसून पगार मिळतोय, चांगलं हाय की. नशीब लागतं."

ज्या दिवशी हेड ऑफिसचा रिव्ह्यू होता, दोन्ही प्लांटचे साहेब कॉलवर होते आणि इथलं प्लॅनिंग मी मांडत होते, त्याच दिवशी दादा आले. एकटे नाही. सोसायटीचे चेअरमन आप्पा, आणखी दोघं-तिघं गावकरी, सगळे एका जीपमध्ये. दार चाचींनी उघडलं. मी कॅमेऱ्यासमोर, मागे पलंग, आणि पलंगाभोवती पांढऱ्या टोप्या गोळा झालेल्या. मी हाताने खूण केली. दादांना वाटलं मी बसा म्हणतेय.

"बसा आप्पा, बसा. आरं खुर्ची घे तिकडची. हिचं चालू द्या, हिचं कॉम्प्युटरवर असतंय."

मी म्यूटचं बटण शोधत होते. तेवढ्यात आप्पा वाकून लॅपटॉपमध्ये बघत म्हणाले, "ह्यात कोण साहेब हायेत का? रामराम साहेब."

हेड ऑफिसचे साहेब हसले. रामराम म्हणाले. सगळे हसले. मग त्यांनी म्हटलं, "मॅडम, तुम्ही बिझी दिसताय, आपण पुढे जाऊ." आणि माझं राहिलेलं आमच्या इंजिनियरने वाचून दाखवलं. त्याला ते करावंच लागलं. त्याचा काही दोष नाही.

कॉल संपल्यावर मी उठले. चहा टाकला. दादांना काहीतरी चुकलं हे कळलं असावं, कारण निघताना दारात म्हणाले, "तुज्या साहेबाला राग आला न्हाई ना? बोलला की बिचारा रामराम."

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, रिव्ह्यूला यापुढे तुम्ही नाही आलात तरी चालेल. तुमच्यावर उगाच लोड नको. तुम्ही मिस्टरांकडे बघा."

किती मऊपणाने बोलला तो. मी फोन ठेवला आणि यांना जेवायला वाढलं. पानात भाजी दोनदा वाढली, ते यांनी पाहिलं.

"काय... झालं?"

"काही नाही. माझा भार हलका केला."

खंडेनवमीला मी कंपनीत गेले. त्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या मशीनची पूजा करतो, प्रेसला झेंडूच्या माळा घालतात, पेढे वाटतात. सगळे असतात. मी नसते तर नसलेलंच दिसलं असतं. चाचींच्या मुलाला सुट्टी होती, तो यांच्याजवळ थांबला. मी माझ्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, एक माळ घातली, माझ्या खुर्चीवर बसले. सगळे येऊन भेटले. मिस्टर कसे आहेत, हात कसा आहे. बरं वाटलं.

आमच्या खात्याला काचेची केबिन आहे, शॉप फ्लोअरच्या अगदी कडेला. प्रेसचा आवाज एवढा असतो की कोणाला काही विचारायचं असेल तर तो काचेवर टकटक करतो आणि बोटांनी खूण करतो. दोन बोटं म्हणजे दुसरी प्रेस, हात आडवा म्हणजे पत्रा संपला. ही भाषा आमच्या कारखान्याची आहे आणि ती मला कोणाहीपेक्षा जास्त येते. पूजा झाल्यावर एका लाइनवर काम थोडा वेळ सुरू होतं. प्रेसचा सुपरवायझर काचेपाशी आला, टकटक केली. मी वर पाहिलं. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नमस्कार केल्यासारखी, आणि मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बसलेल्या इंजिनियरला खूण केली. हात आडवा. इंजिनियरने अंगठा दाखवला. सुपरवायझर गेला.

मी त्याच्या मागून फ्लोअरवर गेले. हा माणूस माझ्याबरोबर वर्षानुवर्षं काम करतोय, भांडलोय आम्ही, एकमेकांच्या घरची कार्यं जेवलोय.

"मी समोर बसले होते," मी म्हणाले. "मला का नाही विचारलं?"

तो ओशाळला. "सवय झाली मॅडम. राग नका मानू. तुमास्नी फोन लावायचा म्हंजी हातमोजं काढायचं, फोन बाहेर काढायचा, रेंज बघायची, मंग तुमी कॉलवर. त्येच्यापेक्षा काच वाजवली का काम झालं." मग जरा थांबून म्हणाला, "तुमी या ना परत. तो पोरगा बरा हाय, पन त्याला अजून सगळं सांगावं लागतंय."

"मग सांगू नका त्याला."

"सांगितलं न्हाई तर लाइन उभी राहती मॅडम. मग माझी वाट लागंल."

कोणी कट केला नव्हता. हातमोजे काढायचा कंटाळा होता. असा एकेक प्रश्न माझ्याकडून त्याच्याकडे सरकला होता, रोज, माझ्या पाठीमागे, आणि त्याबरोबर माझी नोकरीही.

मी मॅनेजरकडे गेले. दार लावून घेतलं. "दोन प्लांटचं प्लॅनिंग एकत्र होतंय. इथे कोण राहणार?"

"अजून ठरलं नाही मॅडम."

"तुमच्या मनात कोण आहे?"

तो टेबलावरचा पेढ्याचा बॉक्स फिरवत राहिला. "खरं सांगू? मी तुमचं नाव घेतो तेव्हा वरचे विचारतात, त्या घरून काम करणाऱ्या मॅडम का? बस. तुम्ही किती वर्षं आहात, काय केलंत, त्यातलं त्यांना काही आठवत नाही. घरून काम करणाऱ्या मॅडम. ते रामरामवालं तर आता जोक झालाय तिकडे." मग म्हणाला, "माझ्या आईची मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली या महिन्यात. बायको एकटी बघतेय. मी एक दिवससुद्धा घरून काम मागितलं नाही. मलाच माहीत नाही उद्या माझं काय आहे ते."

मला त्याचा राग येईना. राग आला असता तर सोपं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये मी हिशेब केला. दिवसभर कंपनीत राहिले तर हात येणार नाही. घरी राहिले तर नोकरी राहणार नाही. दौंड आणि शिक्रापूर यांच्यामधला रस्ता काढून टाकता आला असता तर दोन्ही जमलं असतं. मग रस्ताच काढून टाकायचा, असं मी ठरवलं. शिक्रापूरला हायवेच्या मागे कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्यांच्या रांगा आहेत. तिथली एखादी खोली घ्यायची, यांना तिथे आणायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत येऊन व्यायाम करून घ्यायचा.

दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"क्वार्टर सोडून त्या खुराड्यात नेतीस माझ्या भावाला? हिकडं मोकळी हवा हाय, शेजार हाय."

"क्वार्टर सोडत नाही, कुलूप लावतेय."

"आन् मंग कासुर्डीला आणून सोड. आमी हाय की समदे."

"व्यायाम कोण करून घेईल?"

दादा टोपी काढून डोकं खाजवायला लागले. त्यांच्या घरात माणसं भरपूर आहेत, पण प्रत्येकाला आपापलं काम आहे. ते खोटं बोलणारे नव्हेत.

खोलीच्या मालकानेही आधी नकार दिला. आपल्या शेतात त्याने ओळीने खोल्या बांधल्या आहेत, सगळ्या कामगार पोरांनी भरलेल्या. "पेशंट नको ताई. हितं काय झालं तर निस्तरायचं कुणी?"

"मी निस्तरीन. लिहून देऊ?"

"तसं न्हवं," तो म्हणाला, आणि मग किल्ली दिली.

चाची निरोप द्यायला आल्या. यांचा उजवा हात तेवढा दोन्ही हातांत धरून बसल्या. यांनी या वेळी तो काढून घेतला नाही.

आता आम्ही त्या खोलीत आहोत. एक पलंग, एक टेबल, मोरी. खिडकीतून हायवेचे ट्रक दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. शेजारच्या खोलीत बिहारची चार पोरं राहतात, पाळीपाळीने कामाला जातात. जो रात्रपाळी करून आलेला असतो तो सकाळी झोपायच्या आधी यांना बाथरूमला नेऊन आणतो. "अंकल, आराम से," म्हणतो. यांना त्याच्यासमोर लाज वाटत नाही. तो गेल्यावर मी बाहेरून कडी लावते. हे एकट्याने उठून पुन्हा पडतील म्हणून. कडीला कुलूप नाही, काही झालं तर पोरांना उघडता यावी. पहिल्या दिवशी कडी सरकवली तेव्हा आतून काही आवाज आला नाही. मी जरा वेळ तिथे उभी राहिले आणि निघाले, कारण मॉर्निंग मीटिंग सुरू व्हायची होती.

काचेवर पुन्हा मला खुणा होतात. सगळ्या नाही, पण होतात. इथे कोण राहणार ते अजूनही ठरलेलं नाही.

हात मात्र थांबला आहे. अंगठ्यानंतर एक बोट हललं, मग काही नाही. इथे व्यायाम दिवसातून तीनदा होतो, सकाळी घाईत, दुपारी घाईत आणि मी थकून आल्यावर. क्वार्टरमध्ये दिवसभर चालायचा. मधे दौंडच्या फिजिओथेरपिस्टला दाखवून आणलं. त्याने बोटं वाकवून पाहिली, विचारलं, "व्यायाम कमी झाला का?"

"कमी झाला."

"वेळ अजून आहे," तो म्हणाला. "फार नाही."

गेल्या आठवड्यात एचआरचा मेल आला. घरून काम कोणीच घेत नाही, त्यामुळे वरच्या लोकांना प्रश्न पडला आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी मोकळेपणाने सांगावं, त्यांच्या प्रगतीवर काही परिणाम होणार नाही. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत होतं. मॅनेजर केबिनमध्ये आला आणि त्याने सगळ्यांसमोर एकेकाला विचारलं. रिटायर होणारे गृहस्थ म्हणाले, नको, घरी बायको भांडते. इंजिनियर म्हणाला, नको सर. त्याची बायको गरोदर आहे, डॉक्टरने तिला झोपून राहायला सांगितलंय, हे मला माहीत होतं. मॅनेजरने स्वतःच्या नावापुढे आधीच 'नाही' असं लिहिलं होतं.

"मॅडम, तुमचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. इंजिनियरसुद्धा. तो काय मनात म्हणत असेल ते मला कळत होतं, कारण त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. घे, हो म्हण.

"नको," मी म्हणाले.

जेवणाची सुट्टी झाली तशी मी गेटबाहेर पडले. ट्रक थांबेपर्यंत हायवेच्या कडेला उभी राहिले, पलीकडे गेले, कडी काढली. हे भिंतीला टेकून बसले होते. डाव्या हाताने डबा उघडायला गेले होते, भाजी पलंगावर सांडली होती. चादर उजव्या हाताखाली ओढून ती लपवायचा प्रयत्न केला होता.

मी चादर बदलली. टेबल ओढलं, टॉवेल पसरला.

"आज... लवकर?" त्यांनी विचारलं.

"रोजच्याच वेळी आले."

"ते घरून... देत होते ना... तुला?"

"देतात अजूनही."

"मग?"

मी त्यांचा हात उचलून टॉवेलवर ठेवला आणि पुढे ढकलला. परत जायला थोडाच वेळ होता.

"बोलू नका," मी म्हणाले. "खांद्यातून जोर लावा."